चोवीस फरश्या

उत्तर किती, हा प्रश्नच नसतो.
दिलेल्यावरून ते सापडेल का, एवढंच असतं.
बर्डीच्या तिसऱ्या मजल्यावर बारापात्रे सर
कूलरच्या घरघरीवरून ओरडतात,
"काढत बसू नका! पुरतं का, ते बघा."

n हा धन पूर्णांक. पूर्ण वर्ग आहे का?
विधान एक: n च्या विभाजकांची संख्या विषम.
विधान दोन: n च्या एककस्थानी सहा.
सहानं काही ठरत नाही,
सोळाच्याही शेवटी तोच, सव्वीसच्याही.
पण विभाजक जोडीजोडीनं येतात
लग्नाच्या पंगतीला आल्यासारखे,
आणि एखाद्याच संख्येत कुणीतरी
स्वतःशीच जोडी लावून बसतो.
छत्तीसमधला सहा.
तो दिसला की दुसरं विधान वाचायचीही गरज नाही.

परतताना बस शून्य मैलाच्या दगडावरून जाते.
शून्यही पूर्णांक. शून्यही पूर्ण वर्ग.
मागच्या परीक्षेत मी त्याला विसरले.
आणखी काय काय विसरले
ते घरी सांगितलेलं नाही.

बाबा बेसा रोडच्या स्कीमवर फरश्या बसवतात,
गुडघ्यांना टायरचे तुकडे बांधून, मे महिन्यात,
छत आहे पण दारं नाहीत अशा खोल्यांत.
कोपरा काटकोनात आहे का, ते दोरीनं बघतात.
एका भिंतीवर तीन फुटांची खूण, दुसरीवर चार,
मधली दोरी पाच भरली की काम सुरू.
नऊ अधिक सोळा पंचवीस, मी म्हणाले.
"असंन," ते म्हणाले. "मी तं दोरीले इचारतो."

एका रात्री लाइट गेली.
गच्चीवर मोबाइलच्या उजेडात मी वाचत होते:
x पूर्णांक आहे का?
विधान एक: x चा वर्ग पूर्णांक आहे.
"पूर्णांक म्हंजे अख्खा?"
अख्खा.
त्यांनी धुळीत बोटानं एक फरशी काढली, फूट बाय फूट,
आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात रेघ ओढली.
"ह्या रेघेवर चौकोन पाडला
तं बरोब्बर दोन फरश्यांचा होते. अख्ख्या.
पण रेघ? तीस वर्सं झाले कापून राह्यलो,
पट्टीवर अख्खी कधी भरली नाही.
जराशी राह्यतेच."

विधान दोन: x ची दुप्पट पूर्णांक आहे.
"मंग अर्धीबी चालते नं. दोन अर्ध्या, एक अख्खी."
म्हणजे हेही पुरत नाही.
आणि दोन्ही मिळून?

ते बराच वेळ गप्प.
खाली कुणीतरी बंद स्कूटरला किक मारत होतं.
"दीड दिढे सव्वादोन," ते पुटपुटले,
"अडीच अडीचे सव्वासहा.
पाव सुटतच नाही पाय.
म्हंजे अर्धीवालं बाद. अन् तिरपी रेघ
दुप्पट करूनबी अख्खी होत नाही."
मग माझ्याकडे बघून, परीक्षेला बसल्यासारखे,
"दोन्ही मिळून पुरते. होय का नाही वं, सुकेशिनी?"

होय.
सरांनी यासाठी अर्धा फळा भरवला असता.

बाबांना माझा निकाल माहीत आहे का?
विधान एक: त्यांनी कधी विचारला नाही.
विधान दोन: रविवारी बिसेन ठेकेदाराकडून
उरलेल्या फरश्या त्यांनी सायकलला बांधून आणल्या,
चार रंगांच्या, माझ्या टेबलाखाली बसवायला.

मी मोजल्या. चोवीस.
एक कमी आहे बाबा, वर्ग होत नाही.
"माह्याजवळ हायेत तेवढ्याच," म्हणत
त्यांनी पाच-पाचच्या ओळी लावल्या
आणि कोपऱ्यातलं एक घर नुसत्या सिमेंटनं गुळगुळीत केलं.
"इथं माठ ठेवू."

दोन्ही विधानं मिळूनही पुरत नाहीत.
मी विचारलं नाही.

माठ झिरपतो.
रात्री दोनच्या सुमाराला ओल
शेजारच्या दोन फरश्यांपर्यंत येते.
तिथं तळपाय टेकवून
मी पुढचा प्रश्न वाचते.